आगकाडीचा गुल आणि बर्नचा करार

काडेपेटीच्या कडेला तपकिरी रंगाची एक पट्टी असते. या पट्टीत तांबडा फॉस्फरस, काचेची बारीक पूड आणि त्यांना धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ असतो. काडीच्या टोकाला जो गुल असतो, त्यात मात्र फॉस्फरस नसतो. त्यात भरपूर ऑक्सिजन पुरवणारे पोटॅशियम क्लोरेट आणि गंधकासारखा सहज जळणारा पदार्थ असतो. काडी पट्टीवर ओढली की घर्षणाच्या उष्णतेने तांबड्या फॉस्फरसचे काही कण पेटतात आणि त्यांच्यामुळे गुल पेट घेतो. म्हणूनच अशी काडी भिंतीवर किंवा दगडावर ओढली तर सहसा पेटत नाही.

फॉस्फरस पेटीवर आणि बाकीची द्रव्ये काडीवर, अशी विभागणी का केली असावी? आगीचा धोका टाळण्यासाठी, असे उत्तर आपण विद्यार्थ्यांना देतो. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर काड्या वापरणाऱ्यांच्या नव्हे, तर त्या बनवणाऱ्यांच्या सुरक्षिततेशी जोडलेले आहे. कामगारांच्या आरोग्यासाठी एखाद्या रसायनावर अनेक देशांनी मिळून बंदी घालण्याचा जगातला पहिला करार या आगकाडीसाठी झाला. आज युरोपमध्ये घातक रसायनांविषयी जे कायदे आहेत, त्यांतील अनेक प्रश्न या एका काडीच्या इतिहासात आधीच उभे राहिले होते. म्हणून तो इतिहास येथे सविस्तर पाहू.

एक मूलद्रव्य, दोन स्वभाव

हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँड यांनी १६६९ साली मूत्र आटवून व तापवून अंधारात चकाकणारा एक पदार्थ मिळवला. तोच पांढरा फॉस्फरस. थोडा पिवळसर दिसतो म्हणून त्याला पिवळा फॉस्फरस असेही म्हणतात. त्याच्या रेणूत चार अणू असतात. हे रेणू एकमेकांना सैलपणे धरून असल्यामुळे तो ४४ अंश सेल्सिअसलाच वितळतो, साध्या तापमानालाही त्याची वाफ निघत राहते आणि उघड्या दमट हवेत तो आपोआप पेटू शकतो. त्यामुळे तो पाण्याखाली ठेवावा लागतो. तो अतिशय विषारीही आहे.

हाच फॉस्फरस हवा लागू न देता सुमारे अडीचशे अंशांपर्यंत तापवत ठेवला की त्याचे अणू लांबच लांब साखळ्यांत गुंफले जातात आणि तांबडा फॉस्फरस तयार होतो. त्याची वाफ साध्या तापमानाला जवळजवळ निघत नाही, तो पाण्यात किंवा शरीरातील द्रवांत विरघळत नाही आणि आपोआप पेटतही नाही. व्हिएन्नाचे रसायनज्ञ अँटोन श्रोटर यांनी १८४०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा पदार्थ म्हणजे फॉस्फरसचेच दुसरे रूप असल्याचे दाखवून दिले. अपरूपतेच्या धड्यात आपण या दोन रूपांची तुलना करणारा जो तक्ता शिकवतो, त्याचा उगम येथे आहे.

आगकाडी मात्र त्याआधीच बाजारात आली होती. फ्रान्समधील शार्ल सोरिया यांनी १८३०च्या सुमारास काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस वापरला. ही काडी कशावरही ओढली तरी पेटे. बुटाच्या तळव्यावर, भिंतीवर, विटेवर, कोठेही. चकमक आणि कापूस घेऊन बसण्याचा खटाटोप संपला. काही वर्षांतच व्हिएन्ना आणि जर्मनीतील शहरांत काड्यांचे कारखाने निघाले आणि पुढे ते सर्व युरोपभर पसरले.

जबड्याचा आजार

या कारखान्यांतील काम सोपे होते. पांढरा फॉस्फरस सरसासारख्या चिकट पदार्थात मिसळून त्याचा कोमट लगदा करत. चौकटीत बसवलेल्या शेकडो काड्यांची टोके त्यात बुडवत, त्या वाळवत आणि मग पेट्यांत भरत. लगदा कोमट असल्यामुळे फॉस्फरसची वाफ सतत निघे. काड्या वाळताना ती निघे, काड्या भरताना हाताला लागलेल्या कणांतूनही ती निघे. कामगारांमध्ये बायका आणि मुले पुष्कळ होती. ती तेथेच, त्याच हातांनी, भाकरी खात.

आजार सुरू होई तो दातदुखीने. मग हिरडी सुजे, दात पडे, पण जखम भरून येत नसे. तीतून पू वाहू लागे आणि त्याला इतकी दुर्गंधी येई की घरच्यांनाही रुग्णाजवळ बसणे कठीण होई. आतले जबड्याचे हाड मरत असे. मेलेला तुकडा शस्त्रक्रियेने काढला तर माणूस वाचण्याची शक्यता असे, पण चेहरा कायमचा विद्रूप होई. अनेक जण जंतुसंसर्ग पसरून मरण पावत. इंग्लंडमधील कामगारांनी या आजाराला ‘फॉसी जॉ’ असे नाव दिले होते.

व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रीडरिश लोरिन्सर यांनी १८४५ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचा संबंध फॉस्फरसच्या वाफेशी जोडला. १८४७ साली एर्लांगेन येथून फॉन बिब्रा आणि गाइस्ट या दोघांनी काडेपेटी कारखान्यांतील कामगारांच्या आजारांवर एक संपूर्ण ग्रंथच प्रसिद्ध केला. या अभ्यासात एक रसायनज्ञ आणि एक डॉक्टर एकत्र आले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शरीरातील एवढी हाडे सोडून जबडाच का? त्या काळच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की, किडलेल्या दाताच्या वाटेने वाफ हाडापर्यंत पोचते. यात तथ्य होते, पण पूर्ण उत्तर नव्हते. २००३ सालापासून वैद्यकीय नियतकालिकांत अशाच प्रकारचे जबड्याचे रुग्ण पुन्हा दिसू लागले. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा हाडांतील कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेट गटाची औषधे घेणाऱ्यांमध्ये, विशेषतः दात काढल्यानंतर, जबड्याच्या हाडाचा काही भाग मरतो असे आढळले. या औषधांमुळे हाडाची झीज आणि नवी भर यांचे नित्याचे चक्र मंदावते. जबड्याचे हाड सतत चावण्याचा ताण सोसते आणि त्याच्यावर हिरडीचे केवळ पातळ आवरण असते. त्यामुळे चक्र मंदावण्याचा परिणाम तेथे आधी दिसतो. फॉस्फरसच्या वाफेपासून शरीरात याच जातीची संयुगे बनत असावीत, असा तर्क काही संशोधकांनी मांडला आहे.

पर्याय होता, मग अडले कोठे?

एकाच दशकात, एकाच व्हिएन्ना शहरात, रोगाचे कारण सापडले आणि त्याच्यावरचा उपायही सापडला. त्या उपायाची काडी व्हायलाही फार वेळ लागला नाही. फॉस्फरस काडीवर न ठेवता पेटीवर ठेवण्याची कल्पना स्वीडनचे गुस्टाफ एरिक पाश यांनी १८४४ साली मांडली होती. तांबडा फॉस्फरस पोटॅशियम क्लोरेटबरोबर थेट मिसळला तर थोड्याशा घर्षणानेही स्फोट होतो. या दोघांना वेगळे ठेवल्याने हीही अडचण सुटली. स्वीडनमधील यन्शोपिंग गावच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी अशी ‘सुरक्षित काडी’ कारखान्यात बनवली आणि १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात ती वाखाणली गेली.

म्हणजे १८५५ साली रोग माहीत होता, कारण माहीत होते आणि चालणारा पर्याय बाजारात होता. तरी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या त्यानंतर पन्नास वर्षे बनत राहिल्या. याला दोन कारणे होती. पहिले म्हणजे ती काडी स्वस्त पडे. दुसरे म्हणजे ती कोठेही पेटे, आणि गिऱ्हाइकाला तेच हवे होते. पेटी ओली झाली किंवा हरवली तर सुरक्षित काडी निरुपयोगी. विकत घेणाऱ्याला जबड्याची किंमत दिसत नव्हती, कारण ती काडीच्या किमतीत धरलेलीच नव्हती. ती कामगार मोजत होता.

कारखानदार आणि सरकारे यांनी मग मधले मार्ग काढले. हवा खेळती ठेवण्यासाठी पंखे बसवले. काही ठिकाणी कामगारांच्या गळ्यात टर्पेंटाइनची डबी अडकवली, कारण टर्पेंटाइनमुळे फॉस्फरसची वाफ निष्प्रभ होते असे मानले जाई. दंतवैद्याकडून तपासणी सुरू केली आणि किडक्या दातांच्या कामगारांना बुडवण्याच्या खोलीतून बाहेर काढले. यांतील काही उपायांनी रुग्ण कमी झालेही. पण या सगळ्यांत एक समान सूत्र आहे. विष जागच्या जागी राहते आणि बदलायचे ते माणसाने. ज्याचे दात खराब, त्याची नोकरी जाते. त्यामुळे दुखरा दात लपवण्याकडेच कामगाराचा कल होई.

एकट्या देशाची बंदी

काही देशांनी थेट बंदीचा मार्ग धरला. फिनलंडने १८७२ साली आणि डेन्मार्कने १८७४ साली पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बंद केल्या. स्वित्झर्लंडने १८७९ साली बंदीचा कायदा केला, पण शेजारच्या सर्व देशांत या काड्या मिळत असल्याने चोरटा व्यापार वाढला. बंदी १८८२ साली मागे घ्यावी लागली. ती पुन्हा आली १८९८ साली.

फ्रान्सची गोष्ट निराळी होती. तेथे १८७२ पासून काड्या बनवण्याचा मक्ता सरकारचाच होता. म्हणजे कामगारांचा मालक आणि कायदा करणारा एकच. तरीही १८९०च्या दशकात पॅरिसजवळच्या सरकारी कारखान्यांतील कामगारांना पांढऱ्या फॉस्फरसविरुद्ध संप करावे लागले. शेवटी सेव्हेन आणि काहेन या दोघा फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी फॉस्फरस आणि गंधक यांचे एक संयुग, फॉस्फरस सेस्क्विसल्फाइड, वापरून कोठेही पेटणारी पण जबड्याला न बाधणारी काडी तयार केली. १८९८ साली फ्रेंच सरकारी कारखान्यांनी ती स्वीकारली. गिऱ्हाइकाची सोयीची सबबही आता उरली नाही.

इंग्लंडमध्ये १८८८च्या जुलै महिन्यात पूर्व लंडनमधील बो येथील ब्रायंट अँड मे कंपनीच्या सुमारे १४०० मुलींनी व बायकांनी संप केला. तेथील परिस्थितीवर लेख लिहून लोकांचे लक्ष वेधणाऱ्या होत्या ॲनी बेझंट. पुढे १९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या अध्यक्षा झालेल्या त्याच या बेझंट. संपाचे मुख्य कारण मजुरीतून कापले जाणारे दंड आणि कामावरून काढणे हे होते, पण त्यातून मिळालेली एक गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने मोलाची होती. कामगारांना जेवणासाठी वेगळी खोली मिळाली. १८९१ साली साल्व्हेशन आर्मीने लंडनमध्ये तांबड्या फॉस्फरसच्या काड्यांचा स्वतःचा कारखाना काढला आणि मजुरीही अधिक दिली. पण त्यांची काडी महाग पडे आणि बाजारात तिचा निभाव फार काळ लागला नाही.

१८९५च्या ब्रिटिश कायद्याने फॉस्फरसच्या विषबाधेचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे सक्तीचे केले. १८९८ साली याच कंपनीने सतरा रुग्णांची माहिती दडवल्याचे उघड झाले. न्यायालयाने केलेला दंड होता २५ पौंड ९ शिलिंग. म्हणजे एका रुग्णामागे दीड पौंड. आकडेवारी सरकारपर्यंत पोचत नसेल, तर आकड्यांवरून धोका ‘कमी झाला’ म्हणणे किती फसवे असते, हे यावरून कळते. कंपनीने १९०१ साली पांढऱ्या फॉस्फरसचा वापर थांबवला.

बर्न, १९०६

बंदीला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद सर्व देशांत एकच होता. आम्ही बंद केले तर शेजारी विकेल, आमचे कारखाने बुडतील आणि कामगारही बेकार होतील. हा युक्तिवाद निव्वळ कांगावा नव्हता. स्वित्झर्लंडचा अनुभव समोर होता. त्याला उत्तर एकच होते. सर्वांनी एकदम बंद करणे.

त्यासाठी खटपट केली ती १९०० साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने. कामगारविषयक कायद्यांसाठी झटणारे प्राध्यापक, अधिकारी आणि समाजसुधारक तीत होते आणि तिचे कार्यालय स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे होते. संघटनेने प्रत्येक देशातील परिस्थितीची माहिती जमवली आणि स्विस सरकारने बर्न येथे परिषदा बोलावल्या. १९०५च्या तांत्रिक परिषदेत मसुदा झाला, पण काड्यांचा मोठा निर्यातदार असलेला जपानही सामील झाला पाहिजे, अशी अट त्यात घातली गेली. दुसऱ्या वर्षी ही अट बाजूला ठेवण्यात आली. २६ सप्टेंबर १९०६ रोजी जर्मनी, डेन्मार्क, फ्रान्स, इटली, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड या सात देशांनी करारावर सह्या केल्या.

कराराचे मुख्य कलम अगदी लहान आहे. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बनवणे, आयात करणे आणि विकणे या तिन्ही गोष्टींना आपापल्या देशांत बंदी घालायची. या तीन क्रियापदांत कराराचे सारे शहाणपण आहे. केवळ बनवण्यावर बंदी असती तर शेजारच्या काड्या आत आल्या असत्या. विकण्यावरही बंदी आली, तेव्हा बाहेरच्या कारखानदाराला ती बाजारपेठच उरली नाही. जो देश करारात नाही, त्यालाही निर्यातीसाठी पद्धत बदलणे भाग पडू लागले.

आमच्याकडची नियमावली पुरेशी आहे, असे म्हणून ब्रिटनने १९०६ साली सही केली नव्हती. त्याने १९०८ साली कायदा केला आणि १९१० पासून बंदी लागू झाली. हिंदुस्थानात त्या काळी काड्या मुख्यतः परदेशातून, विशेषतः स्वीडन आणि जपानमधून येत. येथेही १९१३ साली पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांची आयात, निर्मिती आणि विक्री यांवर बंदी घालणारा कायदा झाला. शिवकाशीचा काडेपेटी उद्योग त्यानंतरचा, त्यामुळे तेथील कामगार निदान या एका आजारातून वाचले. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनमध्ये भरली, तेव्हा सर्व सभासद देशांनी बर्नच्या करारात सामील व्हावे अशी शिफारस तिने केली.

बर्ननंतरचा युरोप

बर्नचा करार एका पदार्थापुरता होता. त्यातले तत्त्व सर्व पदार्थांना लागू व्हायला बराच काळ गेला. युरोपीय आर्थिक समुदायाने १९६७ साली धोकादायक पदार्थांचे वर्गीकरण आणि त्यांच्या वेष्टनांवरील चिन्हे सर्व सदस्य देशांत सारखी केली. १९७४ साली अमेरिकेतील एका पीव्हीसी कारखान्यातील कामगारांना व्हिनिल क्लोराइड वायूमुळे यकृताचा एक दुर्मीळ कर्करोग झाल्याचे उघड झाले. त्यावर युरोपने १९७८ साली कारखान्यातील हवेत या वायूची मर्यादा ठरवली. फॉस्फरसला साठ वर्षे लागली, येथे चार.

पण म्हणून युरोप शहाणा झाला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ॲस्बेस्टॉसचे उदाहरण पाहा. त्याच्या धुळीपासून कामगारांना वाचवण्याचे नियम ब्रिटनमध्ये १९३१ सालीच झाले होते. संपूर्ण युरोपीय संघात त्याच्या वापरावर बंदी आली २००५ साली. व्हिनिल क्लोराइड बंद नळ्यांतून नेता येत होते आणि ते वाया न घालवण्यात कारखानदाराचाही फायदा होता. ॲस्बेस्टॉस मात्र पत्र्यांपासून ब्रेकपर्यंत सर्वत्र होते, स्वस्त होते आणि त्याचा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी दिसे. परिणाम उशिरा दिसला की नियमही उशिरा येतो.

१९८९ साली युरोपने कामाच्या जागेवरील सुरक्षेचा एक मूलभूत आदेश काढला. त्यात मालकाची कर्तव्ये क्रमाने दिली आहेत. धोका टाळावा, तो मुळाशी दूर करावा, घातक पदार्थाच्या जागी निर्धोक किंवा कमी घातक पदार्थ वापरावा, आणि वैयक्तिक संरक्षणापेक्षा सर्वांना लागू पडणाऱ्या उपायांना अग्रक्रम द्यावा. रसायनांसाठी १९९८ साली आणि कर्करोगकारक पदार्थांसाठी २००४ साली निघालेल्या आदेशांत हाच क्रम अधिक तपशिलाने येतो. मुखवटा आणि हातमोजे या क्रमात शेवटी आहेत. गळ्यातली टर्पेंटाइनची डबी आठवली की तसे का, हे लगेच पटते.

२००७ साली अमलात आलेल्या ‘रीच’ नावाच्या कायद्याने आणखी एक गोष्ट उलटी केली. तोपर्यंत पदार्थ घातक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बहुधा सरकारवर पडे. १९८१ पूर्वीपासून बाजारात असलेले एक लाखाहून अधिक पदार्थ तर चाचणीच्या सक्तीतून सुटलेच होते. आता वर्षाला एक टनाहून अधिक पदार्थ बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्यानेच त्याची माहिती देऊन नोंदणी करायची असते. माहिती नाही, तर बाजारही नाही. हे काम हेलसिंकी येथील संस्था पाहते. मर्यादाही बदलत राहतात. कारखान्याच्या हवेत शिशाची परवानगी असलेली पातळी दर घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम होती, ती २०२४च्या आदेशाने ०.०३ वर आणली. आदल्या पिढीला ‘सुरक्षित’ वाटलेला आकडा तेव्हाच्या माहितीइतकाच भरवशाचा असतो.

वर्गात काय करता येईल?

पांढरा फॉस्फरस शाळेत दाखवण्याचा प्रयत्न करू नये. काडेपेटी पुरेशी आहे. अपरूपतेचा धडा घेताना फळ्यावर पांढऱ्या आणि तांबड्या फॉस्फरसचा नेहमीचा तक्ता काढावा: द्रवणांक, विद्राव्यता, विषारीपणा. मग त्याखाली तीन ओळी वाढवाव्यात: किंमत, गिऱ्हाइकाची सोय, आणि बनवणाऱ्याला होणारा त्रास. १८५५ साली तुम्ही कारखानदार असता तर कोणता फॉस्फरस निवडला असता, हा प्रश्न अर्ध्या वर्गाला विचारावा. उरलेल्या अर्ध्या वर्गाने बुडवण्याच्या खोलीतील कामगार म्हणून उत्तर द्यावे. दोन्ही गट एकाच तक्त्यावरून बोलतील आणि त्यांची उत्तरे वेगळी येतील.

त्यानंतर वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना आपल्या परिसराकडे वळवता येईल. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढणारे, मोटारींना रंगाचा फवारा मारणारे, दगड फोडणारे, द्राक्षबागेत औषध फवारणारे लोक त्यांच्या ओळखीचे असतात. तेथे कोणता पदार्थ वापरतात, त्याच्या डब्यावर काय लिहिले आहे, त्याऐवजी दुसरे काही वापरता येते का, आणि येत असेल तर ते का वापरले जात नाही, हे चार प्रश्न त्यांनी वहीत लिहून न्यावेत. पहिल्या तिन्हींची उत्तरे रसायनशास्त्राच्या पुस्तकात बहुतेक सापडतील. चौथ्याचे उत्तर मिळवण्यासाठी त्यांना त्या माणसांशी बोलावे लागेल.